रीफ टँकमधल्या गोगलगाई मरत असतील तर तपास कुठून सुरू करायचा

सांगलीत विश्रामबागला आमच्या घरी तीन फुटी रीफ टँक आहे, म्हणजे प्रवाळासाठीचा खाऱ्या पाण्याचा टँक. काचेवरचं शेवाळ खायला त्यात गोगलगाई ठेवतात. दीड फूट रुंद, दीड फूट उंच. दगड आणि वाळू वजा जाता साधारण 160 लिटर पाणी राहतं. एका उन्हाळ्यात या टँकमध्ये तीन आठवड्यांत अकरा गोगलगाई मेल्या. क्लाउनफिशची जोडी मात्र नेहमीसारखी खात होती. अमोनिया शून्य, नायट्रेट 10, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) 8 डीकेएच. सगळे आकडे बरोबर, आणि सकाळी दिवा लागला की वाळूवर आणखी एक शंख उलटा. मी मुंबईहून नवीन गोगलगाई मागवल्या. त्याही गेल्या.

खरं कारण आमच्या स्वयंपाकघरात होतं. तिथपर्यंत पोचायला मला दोन महिने लागले, कारण मी चुकीच्या टोकाकडून शोधत होतो. आज कुणी विचारलं तर ज्या क्रमानं तपास करायला सांगतो, तोच क्रम इथे लिहितो आहे.

पहिल्या दिवशी काय करायचं नाही

नवीन गोगलगाई आणायच्या नाहीत. पाण्यात कसलंही औषध, बॅक्टेरियाची बाटली, "टॉनिक" घालायचं नाही. मेलेले शंख फेकायचे नाहीत, सगळे एका डब्यात तारीख लिहून ठेवायचे. तपासाचा अर्धा पुरावा त्या शंखांवरच असतो.

पाणी बदलायची घाईही करू नका. हे ऐकायला उलटं वाटतं, कारण काहीही झालं की आधी पाणी बदला असंच आपण शिकलेलो असतो. पण दोष तुमच्या नव्या पाण्यातच असेल, तर प्रत्येक बदलाबरोबर तुम्ही विष वाढवत असता. टेस्टमध्ये अमोनिया दिसला तर बदल करावाच लागेल. तो दिसत नसेल, तर पाणी कुठून येतं हे तपासेपर्यंत थांबा. ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन मात्र लगेच घाला. त्यानं नुकसान होत नाही.

मेली आहे की झोपली आहे

नासेरियस गोगलगाय वाळूत शिरली की दिवसेंदिवस दिसत नाही, आणि खाण्याचा वास लागताच सोंड वर काढून धावत येते. टर्बो एकाच जागी दोन-दोन दिवस बसते. ॲस्ट्रिया उलटी पडली तर तिला स्वतःहून सुलटं होता येत नाही, ती तशीच पडून उपाशी मरते किंवा खेकड्याच्या तोंडी जाते. म्हणून रोज रात्री एकदा हात घालून उलट्या पडलेल्या सुलट्या करायची सवय लावा. ट्रोकस स्वतः सुलटी होते. नवख्या माणसाला मी नेहमी ट्रोकसच घ्यायला सांगतो.

शंका असेल तर गोगलगाय टँकच्याच पाण्यानं भरलेल्या वाडग्यात तासभर ठेवा. शंखाच्या तोंडावरचं झाकण बोटानं हलकं दाबून पाहा. जिवंत असेल तर ती आत ओढून घेते. झाकण सैल लोंबत असेल, पाय बाहेर पडून ढिला झाला असेल, तर संपली. वास घ्या. मेलेल्या गोगलगाईच्या वासाबद्दल दुमत होऊ शकत नाही. टर्बोसारखी मोठी गोगलगाय लहान टँकमध्ये एक दिवस सडली तरी अमोनिया वर जातो, म्हणून खात्री पटताच बाहेर काढा.

शंख वाचा

आता तो डबा घेऊन उजेडात बसा. भिंग असेल तर उत्तम.

शंखाच्या ओठाची कड तुटलेली, कुरतडल्यासारखी असेल, तर काम खेकड्याचं आहे. लाइव्ह रॉकमधून (समुद्रातून जीवजंतूंसकट आणलेल्या दगडांमधून) आलेला केसाळ खेकडा महिनोन्महिने दगडात लपून राहतो. शंख अख्खा, आतून लख्ख साफ, आणि दोन दिवसांनी त्यातच हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारा खेकडा) फिरताना दिसला, तर त्यानं घरासाठी खून केला असण्याची शक्यता मोठी आहे. हर्मिट पाळत असाल तर त्याच्या अंगाहून थोडे मोठे रिकामे शंख टँकमध्ये नेहमी पडलेले असू द्या. शंखाला गोल, रेखीव भोक पडलेलं असेल, तर टँकमध्ये शिकारी गोगलगाय आहे. ती बहुतेक वेळा लाइव्ह रॉकवरून आलेली असते.

शंखाच्या ओठापाशी तांदळाच्या कणीएवढे, दोन-तीन मिलिमीटरचे पांढरे टोकदार दाणे चिकटलेले दिसले तर ते पिरॅमिडेलिड. हीसुद्धा गोगलगायच, पण परजीवी. सोंड खुपसून मोठ्या गोगलगाईचा रस शोषते. दिवसा वाळूत लपते, रात्री वर चढते. जिवंत गोगलगाई रात्री बाहेर काढून टँकच्याच पाण्यात जुन्या टूथब्रशनं ओठ आणि झाकणाची कड घासा. आठवड्यातून दोनदा, महिनाभर हे केलं तर संख्या मोडते.

मेलेल्या गोगलगाईवर ब्रिस्टल वर्म चढलेले पाहून लोक लगेच त्यांना गुन्हेगार ठरवतात. ते बहुतेक वेळा नंतर आलेले सफाई कामगार असतात. त्यांना मारू नका.

रात्री दिवे बंद होऊन दोन तास झाले की टॉर्चला लाल जिलेटीन लावून टँकसमोर बसा. लाल उजेड बहुतेक प्राण्यांना जाणवत नाही. सलग तीन रात्री अर्धा तास दिला तर शिकारी असेल तो दिसतोच.

आणि शंख पूर्ण शाबूत, भोक नाही, ओरखडा नाही, मांस आतच सडलेलं असेल, तर शिकारी विसरा. दोष पाण्यात आहे किंवा पोटात. माझे अकराही शंख असेच होते.

सोबत आणखी कोण गेलं?

हा प्रश्न मी उशिरा विचारला. गोगलगाई मरायला लागायच्या दोन आठवडे आधी माझी क्लीनर श्रिंप (एक कोळंबी) मेली होती. कात टाकताना गेली असेल असं धरून मी ती काढून टाकली आणि विसरलो. ती एक नोंद डायरीत असती तर पुढचे दोन महिने वाचले असते.

श्रिंप, खेकडे आणि गोगलगाई जात आहेत, मासे ठीक आहेत, असं असेल तर तांबं किंवा कीटकनाशकाचा संशय धरा. मासे पाण्याच्या वर येऊन तोंड उघडत असतील तर प्राणवायू आणि उष्णता पाहा. फक्त गोगलगाई जात आहेत आणि श्रिंप मजेत आहे, तर खारटपणातला झटका, उपासमार, परजीवी किंवा मॅग्नेशियम. शेवटच्याबद्दल थोडं सांगतो: मॅग्नेशियम क्लोराइडनं गोगलगाईंना गुंगी येते, प्रयोगशाळेत त्यांना बधिर करायला तेच वापरतात. कुणी हिरवं शेवाळ मारायला मॅग्नेशियम दोन दिवसांत 1300 वरून 1700 वर नेलं आणि गोगलगाई काचेवरून गळून पडल्या, तर कारण आणखी शोधायची गरज नाही.

खारटपणा

मासा शरीरातलं मीठ स्वतः सांभाळतो. गोगलगाईला ते जमत नाही. बाहेरचं पाणी जितकं खारट, तितकंच तिच्या अंगातलं पाणी खारट होतं. त्यामुळे जो बदल माशाला जाणवतही नाही, तो तिच्या प्रत्येक पेशीला बसतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचं गणित मांडून पाहू. एप्रिलमध्ये सांगली-मिरजेत पारा चाळिशी गाठतो. टँकवर पंखा लावला की माझ्याकडे दिवसाला चार लिटर पाणी उडतं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. लग्नाला म्हणून तीन दिवस गावी गेलो, 12 लिटर उडालं, तर 160 चे 148 लिटर राहतात आणि 35 पीपीटीचं (हजार भागांत 35 भाग मीठ) पाणी जवळजवळ 38 होतं. परत आल्यावर घाबरून आपण ते 12 लिटर गोडं पाणी एका दमात ओततो. मासे वाचतात. ओतलेल्या धारेखाली बसलेली गोगलगाय आधी तीन दिवस चढत्या मिठात आणि मग पाच मिनिटांत उलट्या झटक्यात सापडते. चार-पाच दिवसांनी ती मरते, आणि तोवर आपण पाणी ओतल्याचं विसरलेलो असतो.

असं झालंच तर तूट दोन दिवसांत, थोडी थोडी, संपमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) घालून भरा. कायमचा उपाय म्हणजे ऑटो टॉप-अप, उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र. नवीन लोकांची एक चूक वारंवार दिसते: उडालेल्या पाण्याच्या जागी मिठाचं पाणी भरणं. उडालेल्याच्या जागी नेहमी गोडं शुद्ध पाणी जातं. मिठाचं पाणी फक्त पाणी बदलताना.

आता मोजमाप. काट्याचा प्लॅस्टिक हायड्रोमीटर असेल तर त्यावर विसंबू नका, काट्याला चिकटलेला एक बुडबुडा आकडा बदलतो. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वाकतो त्यावरून खारटपणा दाखवणारं यंत्र) घ्या, पण तो शून्य टीडीएसच्या, म्हणजे विरघळलेले क्षार नसलेल्या, पाण्यावर जुळवून थांबू नका. शून्याला बरोबर असलेलं यंत्र 35 ला दोन-तीन अंकांनी चुकू शकतं. 35 पीपीटीचं तयार द्रावण मिळतं. ते नसेल तर घरी करा: 36.5 ग्रॅम साधं खाण्याचं मीठ, 963.5 ग्रॅम शुद्ध पाणी. सोनाराकडचा किंवा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालेल. या द्रावणातून प्रकाश 35 पीपीटी समुद्राच्या पाण्याइतकाच वाकतो, म्हणून यंत्रात ते 35 दिसलं पाहिजे. हे द्रावण फक्त रिफ्रॅक्टोमीटरसाठी आहे, हायड्रोमीटरला वापरू नका. माझ्या ओळखीच्या साताऱ्यातल्या एका टँकमध्ये वर्षभर गोगलगाई टिकत नव्हत्या. यंत्र 35 दाखवत होतं, खरा आकडा 31 होता.

उष्णता

टँक 24 ते 27 अंशांवर ठेवा. 30 च्या वर गेलं की गोगलगाईंचं कठीण होतं, आणि त्याबरोबर पाण्यातला प्राणवायूही घटतो. 25 अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 6.7 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 32 अंशांना सुमारे 6. आणि नेमक्या तेव्हाच प्रत्येक जिवाला जास्त प्राणवायू लागत असतो. दुपारी लाइट गेली, पंप थांबले, की तासा-दोन तासांत खेळ बिघडतो. इन्व्हर्टरवर निदान एक वेव्हमेकर (पाणी ढवळणारा पंप) किंवा बॅटरीवरचा एअर पंप हवाच.

दुकानात "टर्बो" म्हणून मिळणाऱ्या काही गोगलगाई कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या असतात, त्यांना थोडं थंड पाणी लागतं. मार्गारिटा नावाची तर सरळ थंड पाण्यातली आहे. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) नसलेल्या सांगलीच्या टँकमध्ये ती जगणार नाही, कितीही काळजी घ्या. विकत घेऊच नका. साताऱ्यात हवा थोडी सौम्य म्हणून मे महिन्यात चिलरवाचून निभतं असं काही जण म्हणतात. थर्मामीटर दुपारी तीनला पाहा, सकाळी सातला नाही.

तांबं

आता माझ्या घरातलं कारण. आरओनंतर पाण्यात उरलेले क्षार काढणारी डीआयची रेझिन संपली होती, नवीन मागवायची राहून गेली. तोवर म्हणून मी टॉप-अपला स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी घेतलं. फेब्रुवारीत सर्व्हिसिंगला आलेल्या माणसानं त्यात एक नवं काडतूस बसवलं होतं, पाण्यात "तांब्याचे गुण" उतरवणारं. आईला ते हवंच होतं. टँकशी त्याचा संबंध कुणाच्याच डोक्यात आला नाही.

माणसासाठी ते पाणी निर्धोक आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे, आणि पर्यायी स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत चालतं. मोकळ्या समुद्रात ते 0.001 मिलिग्रॅमहूनही कमी असतं. समजा तुमच्या पाण्यात फक्त 0.05 आहे. दिवसाला चार लिटर टॉप-अप म्हणजे 0.2 मिलिग्रॅम तांबं आत. पाणी उडून जातं, तांबं जात नाही. दोन महिन्यांत 12 मिलिग्रॅम, 160 लिटरमध्ये 0.075. माशांचा मखमली रोग घालवायला विलगीकरणाच्या टँकमध्ये तांब्याचं औषध देतात, त्याची मात्रा 0.15 ते 0.2 च्या आसपास असते. म्हणजे औषधाच्या निम्म्या मात्रेत तुमच्या गोगलगाई चोवीस तास बसलेल्या असतात. यातलं काही तांबं दगड आणि वाळू शोषून घेतात, पण ती उसनवारी आहे, पुढे ते परत सुटू शकतं.

गोगलगाईच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारा घटकच तांब्याचा आहे, आपल्या रक्तात लोह तसा. इतकी गरज असूनही ती मात्रा अत्यंत सूक्ष्म. कल्ल्यांवर जास्तीचं तांबं बसलं की श्वास आणि क्षार दोन्हींचा तोल जातो.

आपल्या भागात तांबं घरात किती वाटांनी येतं ते एकदा मोजाच. पाणी साठवायचा तांब्याचा हंडा किंवा पिंप. जुन्या घरातला बंब. आरओच्या लाइनला प्लंबरनं बसवलेली पितळी तोटी, कारण पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. दुकानातल्या माशांच्या टँकमध्ये घातलेलं औषध, जे पिशवीच्या पाण्याबरोबर तुमच्याकडे येतं. कधीकाळी तांब्याचं औषध वापरलेला जुना टँक, स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला. त्याच्या सिलिकॉनवर आणि त्यातल्या दगडांवर विश्वास ठेवू नका.

आणि तासगाव, पलूस, मिरजेकडच्या द्राक्षवाल्यांसाठी खास: बोर्डो, बागेवर फवारायचं बुरशीनाशक. एक टक्का बोर्डो म्हणजे 100 लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. मोरचुदाच्या वजनाचा पाव हिस्सा तांबं असतं. एक ग्रॅम मोरचूद 160 लिटरच्या टँकमध्ये गेलं तर लिटरला दीड मिलिग्रॅमहून जास्त तांबं होतं. फवारणीच्या बादलीत मीठ कालवणं, फवारून आल्यावर नुसता हात धुऊन टँकमध्ये घालणं, यातलं काहीही पुरेसं आहे. टँकची बादली, मग, पाइप वेगळे ठेवा, त्यांवर रंगानं खूण करा, आणि घरातल्या सगळ्यांना सांगा. छाटणीनंतर फवारण्या सुरू असतील तेव्हा टँकमध्ये हात घालायचं काम दुसऱ्याला द्या. शेतात गोगलगाई मारायला जे मेटाल्डिहाइडचे दाणे टाकतात, त्यांचा डबाही टँकच्या खोलीत नको. पावसाळ्यात गल्लीत धुराची फवारणी आली तर खिडक्या लावा आणि एअर पंप बंद करा, तो खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो.

टीडीएस पेनवर तांबं दिसत नाही. 0.05 मिलिग्रॅम हा आकडा त्याच्या कुवतीबाहेरचा आहे. पण पेन 000 दाखवत असेल तर आरओ-डीआय नीट काम करतं आहे एवढं कळतं, म्हणून टँकला फक्त 000 चं पाणी. साताऱ्यात कास तलावाचं पाणी मऊ म्हणून काही जण नळाचंच वापरतात. पेन खाली दाखवलं तरी ते शून्य नसतं, आणि नळाला क्लोरीन असतंच. पुरानंतर किंवा साथीच्या दिवसांत पालिका आणि ग्रामपंचायत क्लोरीन वाढवतात, तेव्हा आरओचा कार्बन फिल्टर लवकर संपतो. त्याची बदलायची तारीख मशीनवर चिकटवून ठेवा.

दुकानात मिळणारी तांब्याची टेस्ट किट मुख्यतः औषधाची मात्रा मोजायला बनवलेली असतात. त्यात रंग आला नाही म्हणून टँक निर्दोष ठरत नाही. मी पॉलीफिल्टरचं (पाण्यातले धातू शोषणारं) पॅड संपमध्ये टाकलं, तांबं धरलं की ते निळसर पडतं. चौथ्या दिवशी त्याच्या कडेला निळं दिसलं, आणि तेव्हा मी काडतुसाचं खोकं कचऱ्यातून शोधून वाचलं. आयसीपी (पाण्यातलं एकेक मूलद्रव्य मोजणारी प्रयोगशाळेतली) चाचणी करून घेता आली तर तांबं, जस्त, कथिल यांचे वेगवेगळे आकडे मिळतात. मोठ्या टँकवाल्यांनी तो खर्च करावा.

दोन बादल्यांची परीक्षा

एवढं करूनही पाणी दोषी की गोगलगाय, हे ठरत नसेल तर उरलेल्या गोगलगाई दोन भागांत वाटा. एका बादलीत खात्रीच्या शून्य टीडीएस पाण्यात ताजं कालवलेलं, एक दिवस हवा दिलेलं मिठाचं पाणी. दुसऱ्यात टँकचं. दोन्हींत एअर स्टोन, सारखं तापमान, सारखा खारटपणा, आणि खायला साध्या नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा दगडाला रबरानं बांधून. रोज थोडं पाणी बदला, पहिल्या बादलीत ताजं, दुसरीत टँकचंच. आठवड्याभरात पहिल्या बादलीतल्या चालू लागल्या आणि दुसरीतल्या बसून राहिल्या, तर पाणी. दोन्हीकडे जीव धरला, तर टँकमध्ये त्या उपाशी होत्या.

उपासमार हे कारण आपण फार कमी धरतो. दुकानदार 160 लिटरला वीस-पंचवीस गोगलगाई देतो, पहिल्या महिन्यात त्या काच लख्ख करतात, आपण खूश होतो, आणि तिसऱ्या महिन्यात एकेक गळू लागते. एवढ्या टँकला सुरुवातीला पाच-सहा ट्रोकस पुष्कळ झाल्या. नासेरियस शेवाळ खात नाही, तिला माशांचं उरलेलं मांसाहारी अन्न लागतं. फारच स्वच्छ टँकमध्ये ती वाळूतच मरते.

दोन्हीकडे मेल्या तर दोष प्रवासातला. मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पार्सल येतं, बारा-चौदा तास पिशवीत, वर डिकीतली उष्णता. पिशवी उघडल्या उघडल्या आधी तिच्यातला खारटपणा मोजा. दुकानं खर्च वाचवायला 28-30 वर ठेवतात. तफावत दोनहून जास्त असेल तर थेंब-थेंब पद्धतीनं दोन तास घ्या, आणि पिशवीचं पाणी टँकमध्ये जाऊ देऊ नका. कोकणात फिरायला गेल्यावर तिथले दगड किंवा शंख उचलून आणायचा मोह टाळा. प्रवाळ आणि काही जातींचे शंख वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहेत, आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली गोगलगाय तशीही टँकबाहेर चढून वाळून मरते.

तांबं सापडल्यावर

आधी स्रोत बंद. मग शून्य टीडीएसच्या पाण्यानं दर चार-पाच दिवसांनी 20 टक्के बदल, महिनाभर. सोबत पॉलीफिल्टर किंवा तांबं ओढणारी रेझिन. तिचा किंवा पॅडचा रंग बदलला की नवी घाला, आणि सलग दोन आठवडे रंग बदलत नाही तोवर थांबा. दगड सोडत राहतात, म्हणून हे एकदा करून भागत नाही. लहान टँक असेल आणि दगड थोडे असतील तर ते बदलणं जास्त सोपं जातं.

मग एकच ट्रोकस आणा. तिच्या शंखावर नेलपॉलिशचा ठिपका लावू नका, फोटो काढून ठेवा. तीन आठवडे पाहा: रात्री काचेवर चरते का, मागे साफ झालेला पट्टा दिसतो का, उलटी केली तर सुलटी होते का. तिन्हींचं उत्तर हो असेल तर आणखी दोन. माझ्या टँकमध्ये पहिली ट्रोकस ऑगस्टच्या शेवटी आली आणि दिवाळीपर्यंत ती एकटीच होती. आईचं तांब्याचं पाणी स्वयंपाकघरात चालू आहे, टँकच्या आरओ-डीआयची लाइन आता मागच्या पडवीत वेगळी आहे.